पंधरा रुपयांचा रॉबिन आणि जिम कॉर्बेट

जिम कॉर्बेट हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ते नरभक्षक. ४३६ माणसांचा बळी घेणारी चंपावतची वाघीण, बद्री-केदारच्या यात्रेकरूंची झोप आठ वर्षे उडवणारा रुद्रप्रयागचा बिबट्या, आणि त्यांच्या मागावर एकट्याने रानोमाळ फिरणारा, अर्धी विजार घातलेला सडपातळ गोरा शिकारी. त्याच्या कथांची मराठी भाषांतरे वाचतच येथील वाचकांच्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. पण ज्या पुस्तकाने कॉर्बेटला जगभर कीर्ती दिली, त्याच 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'मध्ये एक प्रकरण असे आहे, की ज्यात एकही नरभक्षक नाही. ते आहे रॉबिन नावाच्या एका स्पॅनियल कुत्र्याविषयी. घाणेरड्या टोपलीतून उचललेले एक मरतुकडे पिल्लू, त्याला पक्ष्यांच्या शिकारीसाठी तयार करण्याचा प्रयत्न, तो अर्ध्यावर मोडल्यावर मालकाने शोधलेली दुसरी वाट, एवढाच या प्रकरणाचा विषय. कॉर्बेटच्या चरित्रकारांनी त्याच्या वाघांना जेवढी पाने दिली, तेवढी या कुत्र्याला दिली नाहीत. वास्तविक हा शिकारी घडला तो वाघांच्या मागावर नव्हे, तर रानकोंबड्या आणि मोरांच्या मागावर. आणि त्या घडणीची सर्वात बोलकी साक्ष देतो तो रॉबिनच.

गलोल ते ठासणीची बंदूक

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. १८८१ मध्ये, जिम सहा वर्षांचा होण्याआधीच वडील वारले आणि संसाराचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. नैनितालच्या टेकड्यांवर उन्हाळा घालवायला येणाऱ्या साहेबलोकांना बंगले भाड्याने मिळवून देण्याचा व्यवसाय या बाईंनी नेटाने चालवला. उन्हाळा नैनितालच्या गर्नी हाऊसमध्ये आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढूंगीत, असा या घराचा वर्षाचा क्रम असे. नैनितालहून कालाढूंगीला उतरणारी वाट सुमारे पंधरा मैलांची. वर बर्फाळ हवा, खाली भाबरचे घनदाट साल वृक्षांचे जंगल. मुलाची खरी शाळा खालीच भरे.

या शाळेतले पहिले साधन गलोल होती. न्यूमोनियाच्या दुखण्यातून उठलेल्या जिमला ती थोरल्या भावाने, टॉमने दिली. पुढे तिची जागा धनुष्याने घेतली. तेवढ्यात स्टीफन डीझ हा नातलग कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक तयार करायला बसला आणि त्याला नमुने हवे होते. पक्षी टिपून आणण्याच्या या कामगिरीमुळे जिमच्या हाती पहिली बंदूक आली. ती दुनळी, ठासणीची होती. तिची उजवी नळी फाटलेली, आणि दस्ता व नळ्या एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून पितळी तारेने करकचून बांधलेल्या. अशा बंदुकीने नेम चुकवणे परवडणारे नव्हते. दारू आणि छर्रे मोजून मिळत. एकेक बार ठासायला वेळ लागे. पक्ष्याच्या अगदी जवळ जाता आले तरच घोडा दाबायचा, हा नियम दारिद्र्याने शिकवला. पुढे नरभक्षकांच्या शिकारीत कॉर्बेटचे जे अचाट धैर्य म्हणून वाखाणले गेले, त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे. जवळ जायचे तर पावलाखाली पान वाजता कामा नये, वारा कोणीकडून येतो हे गालाला कळले पाहिजे.

हे शिक्षण चालू असताना घडलेला एक प्रसंग कॉर्बेटने आयुष्यभर विसरला नाही. एका झुडपाभोवती चरणाऱ्या रानकोंबड्यांच्या दिशेने हा पोरगा सरपटत चालला होता. अचानक ते झुडूपच हलले आणि पलीकडून वाघ बाहेर पडला. वळून त्याने क्षणभर या चिमुकल्या शिकाऱ्याकडे पाहिले, आणि मागे न पाहता निघून गेला. हातात फुटकी बंदूक, समोर वाघ, आणि तरीही काही झाले नाही! वाघ हा मुळात सभ्य प्राणी आहे, जखम वा म्हातारपण यांनी लाचार झाल्यावाचून तो माणसाच्या वाटेला जात नाही, असे जे मत कॉर्बेटने पुढे हिरिरीने मांडले, त्याचे बीज या सकाळीच पेरले गेले असावे.

जंगलात जिमला सोबत असे ती घरच्या मॅगॉग नावाच्या कुत्र्याची. कुत्र्यावरचा या घराचा विश्वास साधासुधा नव्हता. जिम सहा वर्षांचा आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना चवताळलेल्या अस्वलीने त्यांच्यावर झेप घेतली होती. घरच्या म्हाताऱ्या कॉली जातीच्या कुत्र्याने मध्ये पडून दोघांना वाचवले. त्याचे नाव रॉबिन. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

गावातले गुरुजी म्हणजे चांदनी चौक या खेड्याचा ठाकूर कुंवरसिंग. सरकारदरबारी त्याची ओळख चोरटा शिकारी अशी असली, तरी रानाची लिपी वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्याकडून आणि स्वतःच्या डोळ्यांनी जिम जे शिकला, त्याची मांडणी त्याने 'जंगल लोअर' या पुस्तकात केली आहे. पक्ष्यांचे त्याने पाडलेले वर्ग मोठे मजेचे आहेत. निसर्गाची बाग सजवणारे निखार, हळद्या आणि शिंजीर हे एका गटात. ती बाग सुरांनी भरणारे कस्तूर, दयाळ आणि शामा दुसऱ्यात. फळे खाऊन बिया पसरवणारे धनेश, तांबट, बुलबुल तिसऱ्यात. त्याच्या लेखी महत्त्वाचा गट होता धोक्याचा इशारा देणाऱ्यांचा. कोतवाल, रानकोंबडा, सातभाई हे त्याचे पहारेकरी. ज्या रानकोंबड्याला टिपायला तो गेला, त्याच्याच ओरडण्यातून वाघबिबट्याची चाहूल घ्यायला तो शिकला. कोणत्याही पक्षिशास्त्राच्या ग्रंथात हे वर्गीकरण सापडणार नाही, पण रानात पायी हिंडणाऱ्याला याहून उपयोगी वर्गीकरण दुसरे नाही.

मोकामेघाटचा ठेकेदार

शिकार हे कॉर्बेटचे पोट भरण्याचे साधन कधीच नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधनासाठी लाकूड तोडून घेण्याच्या कामावर लागला. नंतर गंगाकाठच्या मोकामेघाट येथे रुंद आणि अरुंद मार्गांच्या गाड्यांमधील माल उतरवून चढवण्याचा ठेका त्याने घेतला आणि वीसहून अधिक वर्षे तो सांभाळला. हमालांबरोबर तो स्वतः कोळसा उचलत असे. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीला त्याने मारले ते या नोकरीतून सवड काढूनच. जाहीर झालेली बक्षिसे सरकारने आधी रद्द करावीत आणि इतर शिकाऱ्यांना मागे बोलवावे, या दोन अटी त्याने घातल्या होत्या. पैशासाठी मारणाऱ्यांच्या रांगेत त्याला उभे राहायचे नव्हते. १९१० मध्ये पनारचा बिबट्या, १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा, १९३० मध्ये चौगढची वाघीण, १९३८ मध्ये ठाकची. या कथा सर्वश्रुत आहेत. मधल्या काळात, १९१७ साली, कुमाऊंमधून पाचशे माणसांचे मजूर-पथक उभारून तो फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आला. कालाढूंगीला लागून असलेले छोटी हल्द्वानी हे ओसाड पडलेले गाव विकत घेऊन त्याने तिथे कुळे वसवली, पिकांचे रानडुकरांपासून रक्षण व्हावे म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. लग्न त्याने केले नाही. बहीण मॅगी हीच आयुष्यभराची सोबतीण.

या घरात रॉबिन आला.

टोपलीतले सातवे पिल्लू

कॉर्बेटला कुत्रा नकोच होता. एका मैत्रिणीला पिल्लू घ्यायचे होते, म्हणून तो सहज तिच्यासोबत थांबला होता. कडाक्याच्या थंडीतली सकाळ. पिल्ले विकायला आलेल्या झाडूवाल्याने आपली कमालीची गलिच्छ टोपली उलटी केली आणि सात पिल्ले जमिनीवर सांडली. बाप शिकारीत वाकबगार, जात स्पॅनियल, या पिल्लाचे नाव पिंचा, एवढीच काय ती वंशावळ त्याने सांगितली. पिंचा सातांतले सर्वात लहान आणि सर्वात हाडकुळे होते. उपासमारीशी चाललेली त्याची झुंज संपत आल्याचे दिसतच होते. भावंडांना सोडून ते कॉर्बेटभोवती एकदा फिरले आणि त्याच्या दोन्ही पावलांच्या मध्ये अंग मुडपून झोपले. कॉर्बेटने त्याला उचलून कोटाच्या आत घेतले. पिल्लाला भयंकर दुर्गंधी येत होती. ते तोंड चाटू लागले तेव्हा तो वास आपल्याला जाणवतच नाही असे दाखवण्याची त्याने पराकाष्ठा केली. पंधरा रुपयांत सौदा झाला.

पिल्लू तेव्हा तीन महिन्यांचे होत आले होते. पोटभर अन्न, गरम पाणी आणि साबण यांची पहिलीच ओळख झाल्यावर त्याचे नावही बदलले. अस्वलीपासून दोन भावांना वाचवणाऱ्या त्या जुन्या कॉलीची आठवण म्हणून पिंचाचा रॉबिन झाला.

शिकारी कुत्र्याच्या शिक्षणाविषयी येथे थोडे सांगायला हवे. डोंगरउतारावरच्या गवतात आणि काटेरी झुडपांत राहणारे तित्तर, लावे, रानकोंबड्या, मोर हे पक्षी माणसाला सहसा दिसत नाहीत. ते पायांनी पळतात आणि अगदीच नाइलाज झाला तर उडतात. स्पॅनियलचे काम दुहेरी. झुडपात घुसून पक्षी उठवायचा आणि पडलेला पक्षी हुडकून, तो न चावता, धन्याच्या हाती आणून द्यायचा. यातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. पंख मोडलेला पक्षी झाडीत पळून गेला, तर शिकाऱ्याला तो सापडत नाही आणि बिचारा दिवसचे दिवस तडफडून मरतो. म्हणून कुत्र्यावाचून पक्ष्यांची शिकार करणे हे जाणत्या शिकाऱ्याला कमीपणाचे वाटे. पिल्लाला आधी टाचेमागून चालायला, शिटी ऐकताच परतायला शिकवतात. बंदुकीच्या आवाजाची सवय तर फार जपून लावावी लागते. पहिले बार दुरून काढायचे आणि अंतर हळूहळू कमी करत न्यायचे. कानाशी एकदम बार उडाला, तर पिल्लू जन्मभरासाठी बंदुकीला भिणारे होऊ शकते आणि मग त्याचा शिकारीला काही उपयोग उरत नाही. त्यातून उपाशी वाढलेले, मार खाल्लेले पिल्लू असेल तर ही भीती दुप्पट.

कॉर्बेटला हे सर्व ठाऊक होते. मुलाचे आणि पिल्लाचे शिक्षण जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे, या मताचा तो असल्याने काही आठवड्यांतच तो रॉबिनला घेऊन बाहेर पडला. बेत रीतसर होता. पिल्लापासून थोडे दूर जाऊन एकदोन बार काढायचे, एवढेच. पण जमिनीच्या खालच्या टोकाला असलेल्या काटेरी जाळीला वळसा घालताना एकाएकी लांडोर उडाली, आणि टाचेमागून येणाऱ्या पिल्लाचे भान विसरून कॉर्बेटने ती पाडली. इतक्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस, आणि पहिल्याच धड्याला सगळा अभ्यासक्रम गुंडाळून ठेवतो! लांडोर जाळीत पडली. रॉबिन बुजला नाही. तो थेट तिच्यामागे जाळीत घुसला.

जाळी इतकी दाट, की माणसाला आत शिरता येईना. जखमी पक्षी पलीकडच्या झाडीकडेच धाव घेणार हे ओळखून कॉर्बेट धावत दुसऱ्या बाजूला गेला. तिथे सकाळच्या उन्हात न्हालेल्या मोकळ्या जागेत जे दृश्य दिसले, ते टिपायला हाती चलच्चित्रांचा कॅमेरा नव्हता याची हळहळ त्याला कायम वाटत राहिली. मानेची पिसे फुलवलेली, एक पंख मोडलेली म्हातारी लांडोर झाडीकडे पळते आहे, आणि तिचे शेपूट तोंडात धरून, बूड जमिनीला टेकवून एवढेसे पिल्लू तिच्यामागे फरफटत चालले आहे. कॉर्बेटने पुढे होऊन लांडोरीची मान पकडून तिला वर उचलले. हीही घाईच. तिने दोन्ही पायांनी लाथा झाडल्या आणि रॉबिनने कोलांटी खाल्ली. दुसऱ्याच क्षणी तो उभा राहिला आणि मेलेल्या पक्ष्याभोवती नाचू लागला. त्या दिवसाचा धडा तेथेच संपला. घरी परतताना धनी आणि कुत्रा यांपैकी कोणाची छाती अधिक फुगली होती, हे सांगणे अवघड होते.

आजच्या वाचकाला या प्रसंगात गंमत वाटावी की विषाद, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. मोर १९६३ मध्ये भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लांडोरीवर बंदूक रोखणे हा गंभीर गुन्हा आहे. कॉर्बेटच्या काळात मात्र कालाढूंगीच्या रानात मोर आणि रानकोंबडी म्हणजे संध्याकाळचे जेवण होते, आणि फाटक्या नळीच्या बंदुकीने मोठ्या कुटुंबाच्या ताटात भर घालत वाढलेल्या माणसाला त्यात वावगे वाटत नव्हते. ते बदलायला आणखी काही वर्षे जावी लागली.

वानरांनी दिलेला धडा

हंगाम संपत आला होता. लांडोरीच्या त्या पराक्रमानंतर रॉबिनला बेताचेच काम दिले गेले. लावे, होले, कधीमधी एखादा तित्तर. उन्हाळा नैनितालमध्ये गेला. नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे सारे बिऱ्हाड पायथ्याकडे निघाले. पंधरा मैलांची वाट संपत आली असताना एका वळणावर लंगूर वानरांच्या मोठ्या टोळीतले एक वानर रॉबिनच्या अगदी नाकासमोरून रस्ता ओलांडून गेले. कॉर्बेटने शिटी वाजवली. पण शिटीचा धडा अजून पुरता मुरला नव्हता. रॉबिन वानरामागे उतारावरून खाली धावला. वानर झाडावर चढले. रॉबिन बाजूच्या झुडपांत शिरला मात्र, आणि लगेच कान पाडून, शेपटी पोटाखाली घालून जिवाच्या आकांताने बाहेर आला. पाठीमागे प्रचंड बिबट्या, आणि दर उडीगणिक अंतर तुटत चाललेले.

कॉर्बेट निःशस्त्र होता. ओरडण्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते. डांडी वाहणाऱ्यांनी त्याच्या आवाजात आवाज मिसळला, शंभरावर वानरांनी धोक्याच्या आरोळ्यांनी डोंगर दणाणून सोडला. पंचवीस-तीस यार्ड ती विषम शर्यत चालली. बिबट्याचा पंजा पोचणार तोच त्याने का कोण जाणे अंग वळवले आणि तो दरीत नाहीसा झाला. रॉबिन टेकडीला वळसा घालून रस्त्यावर परतला.

दोन गोष्टी तो त्या दिवशी शिकला आणि पुन्हा कधीही विसरला नाही. वानरांच्या मागे लागू नये ही एक. वानराची ती विशिष्ट आरोळी म्हणजे जवळपास बिबट्या आहे, ही दुसरी. कोतवाल आणि सातभाई यांच्या बोलीतून कॉर्बेट लहानपणी जे शिकला, त्याच शाळेत आता हा दुसरा विद्यार्थी दाखल झाला होता.

हृदय

शिक्षण जिथे थांबले होते तेथून पुन्हा सुरू झाले. पण आता काहीतरी बिनसल्याचे लक्षात येऊ लागले. थोडी धावपळ झाली की रॉबिन मूर्च्छित होऊन पडे. टोपलीतल्या त्या पहिल्या तीन महिन्यांच्या उपासमारीने त्याचे हृदय कायमचे दुबळे केले होते. नंतरच्या दूधभाकरीने हाडांवर मांस चढले, तरी आतली झीज भरून आली नव्हती. पक्ष्यांच्या शिकारीत स्पॅनियलला दिवसभर झुडपे पालथी घालावी लागतात, चढउतारावर सतत पळावे लागते. ते आता अशक्य होते.

अशा कुत्र्याचे काय करायचे, याची त्या काळातल्या शिकाऱ्यांकडची उत्तरे ठरलेली होती. कुणाला तरी देऊन टाकायचा, बंगल्याच्या पडवीत बांधून ठेवायचा, किंवा गोळी घालायची. धनी बंदूक खांद्याला लावून निघाला असताना मागे राहावे लागणे याइतकी मोठी निराशा शिकारी कुत्र्याच्या नशिबी दुसरी नसते, हे कॉर्बेट जाणून होता. त्याने उलटा विचार केला. पक्ष्यांमागे धावणे जमत नसेल, तर जिथे धावावेच लागत नाही अशा शिकारीला याला न्यावे. आणि अशी शिकार म्हणजे वाघ-बिबट्यांची! ऐकायला हे विपरीत वाटते. परंतु त्याच्या पद्धतीत वेगाला जागाच नव्हती. भल्या पहाटे निघायचे, ओल्या मातीत उमटलेले पंजाचे ठसे शोधायचे आणि पावलापावलाने मागोवा घ्यायचा. ठसे दिसत असतील तोवर माणूस पुढे. जनावर गवतात वा पाचोळ्यात शिरले, माग डोळ्यांना दिसेनासा झाला, की कुत्रा पुढे. एकाचे डोळे, दुसऱ्याचे नाक. कधीकधी मैलोन्‌मैल असे चालल्यावर जनावर गाठले जाई. चालण्याचा वेग रॉबिनच्या हृदयाला झेपेल इतकाच असे.

या पद्धतीचा आणखी एक फायदा कॉर्बेट सांगतो. मचाणावरून किंवा हत्तीच्या पाठीवरून झाडलेल्या गोळ्या अनेकदा आडव्यातिडव्या लागतात; जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला मर्मस्थान अधिक नीट दिसते. शिवाय जखमी वाघाचा माग आपल्यालाच पायी काढायचा आहे हे माहीत असले, की उगाच गोळी झाडण्याचा मोह होत नाही. फाटक्या नळीच्या बंदुकीने लावलेले वळण वाघांपर्यंत टिकले ते असे.

बंदूक आणि कॅमेरा

याच काळात कॉर्बेट स्वतःही बदलत होता. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. काही लष्करी अधिकाऱ्यांना त्याने पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी एका तळ्यावर नेले, आणि त्यांनी एका दिवसात तीनशेच्या आसपास पक्षी मारले. एवढे कोणी खाऊ शकत नव्हते, नेऊही शकत नव्हते. हातात मोजके छर्रे घेऊन एकेका रानकोंबड्यासाठी तासभर सरपटणाऱ्या माणसाला हा कत्तलखाना पाहवला नाही. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी रात्रीच्या जंगलात वाघांची छायाचित्रे काढण्याचे तंत्र यशस्वी करून दाखवले होते, आणि त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्धही झाले. कॉर्बेटनेही चलच्चित्रांचा कॅमेरा हाती घेतला. जवळजवळ दहा वर्षे मनासारखे चित्रण मिळाले नाही. दिवसाच्या भरपूर प्रकाशात वाघ हवेत आणि कॅमेऱ्याचा आवाज त्यांना ऐकू जाऊ नये, ही त्याची अडचण. अखेर जंगलातल्या एका ओहोळाला लहान लहान बांध घालून त्याने पाण्याचा खळखळाट वाढवला, त्यात कॅमेऱ्याची घरघर बुडवली आणि कित्येक महिन्यांच्या बैठकीनंतर सात वाघ एकाच फितीत बांधले.

१९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. संयुक्त प्रांताचे माजी गव्हर्नर माल्कम हेली यांचे नाव त्याला दिले गेले. त्याच्या सीमा आखण्यात कॉर्बेटचा सल्ला मोलाचा ठरला होता. नरभक्षकांची शिकार त्याने यानंतरही केली, हे खरे. बंदूक टाकून एका दिवसात संत झाल्याची जी सोपी कथा त्याच्याविषयी सांगितली जाते, ती वस्तुस्थितीला धरून नाही. मारण्याचे कारण मात्र आता एकच उरले होते.

पायाशी झोपलेला साक्षीदार

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४४ मध्ये, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' प्रसिद्ध केले. कॉर्बेट तेव्हा एकोणसत्तरीत होता. कुमाऊंच्या डोंगरातला हा माणूस जगाला सापडला तो मुंबईमार्गे, ही गोष्ट मुंबईकरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या पुस्तकातले रॉबिनचे प्रकरण लिहिताना कॉर्बेटपुढे एक पेच होता. इतक्या वर्षांच्या सोबतीत रॉबिनने त्याला ऐन संकटात सोडून दिल्याचा प्रसंग एकदाच घडला होता. जखमी झालेला बिबट्या गर्जना करत अंगावर आला, आणि रॉबिन पळाला. ज्याने पिल्लू असताना बिबट्याचा श्वास आपल्या शेपटीवर अनुभवला होता, त्याने पळू नये अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. थोड्या वेळाने तो परत आला. तो परत आला यालाच कॉर्बेटच्या लेखी खरे महत्त्व होते. जे झाले ते झाले, आणि त्याचा उच्चार पुन्हा करायचा नाही, असा अलिखित करार दोघांमध्ये झाला.

तो करार मोडून हकिकत छापायची की नाही? कॉर्बेट लिहायला बसला तेव्हा रॉबिन तेरा वर्षांचा होत आला होता. ज्या कुत्र्याचे हृदय पहिल्या वर्षीच निकामी ठरले, तो तेरा वर्षे जगला होता. लिहिणाऱ्याच्या पायाशी तो अंथरुणावर पडून होता. त्यावरून तो आता उठणार नव्हता. कॉर्बेटने त्याच्याकडे पाहिले. रॉबिनच्या तपकिरी डोळ्यांत हसू उमटले, आखूड शेपटीचे बोंडुक हलले, आणि ती परवानगी समजून त्याने पुढचा मजकूर लिहिला.

१९४७ च्या नोव्हेंबरात जिम आणि मॅगी कालाढूंगी सोडून केनियाला गेले. न्येरी गावातल्या ज्या छोट्या बंगलीत ती दोघे राहिली, ती बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेली होती. १९५२ च्या फेब्रुवारीत 'ट्रीटॉप्स' या झाडावरच्या विश्रामगृहात राजकन्या एलिझाबेथ रात्रभर थांबली आणि त्याच रात्री वडिलांच्या निधनाने ती राणी झाली. तेव्हा तिच्यासोबत शिडीजवळ पहारा करायला कॉर्बेट होता. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीतच त्याचे निधन झाले आणि तेथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले. हेली उद्यानाला १९५७ मध्ये त्याचे नाव मिळाले. कालाढूंगीचे घर पुढे वन खात्याने ताब्यात घेऊन तिथे संग्रहालय उभारले. आंब्या-लिचीच्या सावलीतल्या त्या आवारात रॉबिनची कबर आहे.